अध्यक्ष बदलले, पण किल्ली कोणाकडे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर एकाच साच्यातली बातमी मी चार वेळा वाचली. संस्था निराळी, शहर निराळे, आरोपही निराळा; शेवटचा परिच्छेद मात्र प्रत्येक वेळी तोच. ‘दरम्यान, संचालक मंडळाने नव्या अध्यक्षांची निवड केली असून देखरेखीसाठी स्वतंत्र समिती नेमली आहे.’ बातमी तिथे संपते आणि त्या समितीचे पुढे काय झाले, हे वाचकाला पुन्हा कधी कळत नाही. हे पत्र त्या शेवटच्या परिच्छेदाविषयी आहे.

अमळनेरच्या माणसाला कंपन्यांच्या संचालक मंडळांशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे बरेच आहे. एम. एच. हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी आमच्याच गावात वनस्पती तुपासाठी काढली. तीच आजची विप्रो. तिचे समभाग गावातल्या कित्येक घरांत आजोबांकडून नातवंडांकडे आले. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी २१ व्या वर्षी कंपनीत आले, तेव्हा भागधारकांच्या सभेत एका सभासदाने त्यांना ‘तुम्हाला हे जमणार नाही, कंपनी विकून मोकळे व्हा’ अशा अर्थाचे तोंडावर सुनावले होते, ही हकिगत तर सर्वश्रुत आहे. सल्ला चुकला, हे खरे. तरीही भर सभेत उठून मालकाला प्रश्न विचारणारा माणूस मला नेहमी आपला वाटतो. त्यामुळे कंपनीवर नजर कोणी आणि कशी ठेवायची, हा प्रश्न आमच्याकडे दलाल स्ट्रीटवरचा राहत नाही. तो घरच्या लोखंडी कपाटातल्या कागदांचा होतो.

मी स्वतः तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ३१ वर्षे हिशेबनीस होतो. तिथला एक प्रसंग आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याशी बांधलेले आहे. कारखान्याने रुईच्या गाठी तारण ठेवून बँकेकडून उचल घेतली होती. गोदामात दाखवल्या तितक्या गाठी नाहीत, अशी कुजबुज जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात छापून आली आणि मालकांनी आठ दिवसांत गोदामपाल बदलला. नवा माणूस प्रामाणिक होता, बँकेचा निरीक्षकही दर पंधरा दिवसांनी येऊ लागला, सगळ्यांना हायसे वाटले. निरीक्षक मात्र माझ्या टेबलाशी बसून चहा घेई, माझ्या नोंदवहीतला आकडा आपल्या कागदावर उतरवून घेई आणि चारच्या गाडीने परत जाई. पुढच्या वर्षी लेखापरीक्षक म्हणून एक तरुण पोरगा आला. त्याने बूट काढले, शिडी लावली आणि तो स्वतः थप्पीवर चढला. एक गाठ १७० किलोची. वरून चौथ्या ओळीतली गाठ हमालांकरवी सरकवून त्याने आत बॅटरी मारली, तेव्हा थप्पी बाहेरून भरलेली आणि आतून विहिरीसारखी पोकळ निघाली. गोदामपाल बदलला, तेव्हाही ती पोकळच होती. वहीतला आकडा माझ्या अक्षरातला होता, हेही कबूल करतो. मला वरून सांगण्यात आले होते आणि मी लिहिला होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. वाईट बातमीनंतर ‘फेरबदल’ झाला असे वाचले, की नव्या माणसाची कीर्ती, पदव्या आणि वय मी वाचत नाही. त्याला कोणी नेमले, तो आपला आकडा कुठून घेतो आणि त्याचा अहवाल कोणापुढे जातो, एवढेच शोधतो. बहुतेक वेळा बातमीत यातले काहीच नसते.

आयसीआयसीआय बँकेचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. व्हिडिओकॉन समूहाला दिलेले ३,२५० कोटी रुपयांचे कर्ज आणि त्या समूहाच्या प्रवर्तकांनी तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांच्या पतीच्या कंपनीत घातलेला पैसा, यांविषयीची तक्रार एका भागधारकाने २०१६ मध्येच लेखी केली होती. मार्च २०१८ च्या अखेरीस तिला वाचा फुटली, तेव्हा संचालक मंडळाने सर्वप्रथम काय केले, तर आपल्या मुख्य अधिकाऱ्यांवर पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले. बातम्या थांबल्या नाहीत. मेच्या शेवटी स्वतंत्र चौकशीची घोषणा झाली आणि ती निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे गेली; जूनमध्ये कोचर रजेवर गेल्या, संदीप बक्षी यांच्याकडे कारभार आला, अध्यक्षपदी गिरीशचंद्र चतुर्वेदी यांची नेमणूक झाली; ऑक्टोबरमध्ये कोचर यांची मुदतपूर्व निवृत्ती मंडळाने मान्य केली. पण जानेवारी २०१९ च्या अखेरीस चौकशीचा अहवाल हाती आल्यावर त्याच बँकेने ती निवृत्ती ‘सकारण सेवासमाप्ती’, म्हणजे ठपका ठेवून सेवेतून काढणे, मानण्याचे ठरवले आणि एप्रिल २००९ ते मार्च २०१८ या काळातले बोनस परत घेण्याचे जाहीर केले. पुढची न्यायालयीन बाजू स्वतंत्र आहे. डिसेंबर २०२२ मधली कोचर यांची अटक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, हेही तितक्याच ठळकपणे नोंदले पाहिजे. माझा मुद्दा आरोपीपुरता नाही, मंडळापुरता आहे. मार्चमध्ये विश्वास आणि जानेवारीत सेवासमाप्ती, या दोन टोकांमध्ये कागद तेच होते. फरक इतकाच पडला, की ते कागद बाहेरच्या माणसाने उघडून पाहिले.

माणूस बाहेरचा असला म्हणजे काम झाले, असेही नव्हे. सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, संगणकाच्या प्रोसेसरसाठी जगभर नाव झालेले अभियंते होते. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही त्या कंपनीला मिळाला. याच मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासांत निर्णय फिरवावा लागला. मग स्वतंत्र संचालकांच्या राजीनाम्यांची रांग लागली. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच. थप्पी आतून पोकळ! मंडळावरच्या विद्वानांपैकी एकालाही बँकेकडून शिलकीचा दाखला थेट मागवावासा वाटला नाही आणि लेखापरीक्षकांनी जे दाखले पाहिले त्यांची खातरजमा झाली नाही.

त्याच सत्यममध्ये पुढे जे झाले, ते मात्र आपल्याकडच्या संस्थांनी भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. सरकारने जुने मंडळ बाजूला सारून दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन यांच्यासारखे लोक आणले. त्यांचा जुन्या व्यवहारांशी काडीचा संबंध नव्हता आणि जुने हिशेब नव्याने मांडण्याचे काम त्यांनी जुन्या लेखापरीक्षकांकडून काढून दुसऱ्या संस्थांकडे सोपवले. एप्रिल २००९ मध्ये कंपनी टेक महिंद्राकडे गेली. जेमतेम तीन महिन्यांचे काम. कोणी सत्काराची शाल मागितल्याचे वाचनात नाही.

याउलट उदाहरण विमाने बनवणाऱ्या अमेरिकेच्या बोइंगचे. २०१८ व २०१९ मधल्या तिच्या विमानांच्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. त्यानंतर मंडळाने सुरक्षिततेसाठी स्वतःची समिती नेमली, अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही पदे वेगळी केली, डिसेंबर २०१९ मध्ये मुख्य अधिकारी डेनिस मुइलेनबर्ग यांना घालवले. कागदावर हवे ते सगळे झाले. मुख्य अधिकारी म्हणून आणले कोणाला? २००९ पासून त्याच मंडळावर असलेल्या डेव्हिड कॅल्हून यांना. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या नव्या कोऱ्या विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळून पडला आणि मार्चमध्ये कॅल्हून यांनीही पद सोडण्याचे जाहीर केले. आपल्याकडे ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणतात. झोपा म्हणजे गोठ्याचे काटक्यांचे दार. शहरातल्या वाचकांना ही म्हण झोपेविषयी वाटते, म्हणून सांगितले. इथे झोपा केला, पण बांधणारा तोच, ज्याच्या देखत बैल गेला.

कायद्याने आपल्याकडे बरेच काही करून ठेवले आहे, हे मान्य केले पाहिजे. सत्यमच्या धड्यानंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या मंडळावर किमान एकतृतीयांश स्वतंत्र संचालक सक्तीचे केले, लेखापरीक्षक संस्थेला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींपेक्षा जास्त काळ राहण्यास मनाई केली आणि कर्मचाऱ्याला गैरप्रकाराची तक्रार थेट लेखापरीक्षण समितीकडे नेण्याची वाट काढून दिली. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, १ जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीसाठी विशेष ठराव, म्हणजे तीनचतुर्थांश मते, आवश्यक केली. १ जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या १०० आणि डिसेंबरपासून पहिल्या २५० कंपन्यांना, माध्यमांतल्या बातमीने भाव लक्षणीय हलला तर २४ तासांत दुजोरा, नकार किंवा खुलासा द्यावा लागतो. पण जिथे मालकाच्या खुर्चीला हात लागतो, तिथे हात आखडतो. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदे वेगळी ठेवण्याची सक्ती २०२० पासून लागू व्हायची होती. ती २०२२ पर्यंत पुढे ढकलली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐच्छिक करून टाकली. स्वतंत्र संचालकाने राजीनामा दिला तर त्याची सविस्तर कारणे जाहीर करावी लागतात, हाही नियम आहे. राजीनाम्यांमध्ये मात्र आजही ‘वैयक्तिक कारणास्तव’ आणि ‘अन्य व्यग्रतेमुळे’ हे दोनच शब्दप्रयोग जिकडेतिकडे वाचायला मिळतात.

आता घरच्या अंगणात येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या सर्वसाधारण कुटुंबाचा पैसा शेअर बाजारापेक्षा पतसंस्थांमध्ये जास्त आहे. केळीचे, कपाशीचे चार पैसे आले की ते घराजवळच्या पतसंस्थेत मुदत ठेवीत जातात, कारण तिथला शाखाधिकारी ओळखीचा असतो आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त असते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, हे ठेव ठेवताना कोणी सांगत नाही. या भागातल्या पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांनी निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवल्या, ते आपल्या दैनिकाने छापले आहे, त्याची उजळणी करत नाही.

माझी आणि पत्नीची मिळून १,४०,००० रुपयांची ठेव असलेल्या एका पतसंस्थेविषयी संचालकांच्या नातेवाइकांना वाटलेल्या कर्जांची बातमी छापून आली. (नाव लिहीत नाही, अजून ठेव तिथेच आहे.) त्यानंतर घडलेला क्रम असा. सर्वांत आधी शाखाधिकारी निलंबित झाला, जो संचालकांनी मंजूर केलेल्या कर्जाचे फक्त कागद रंगवत होता. मग अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. ते हल्ली रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. नवे अध्यक्ष म्हणून ज्यांची एकमताने निवड झाली, ते सहा वर्षे कर्ज उपसमितीचे प्रमुख होते. आणि तीन जणांची दक्षता समिती नेमली गेली, तिच्यातले दोघे जुन्या मंडळातलेच. आपल्या दैनिकात याची बातमी ‘पतसंस्थेत खांदेपालट, पारदर्शक कारभाराची ग्वाही’ अशी आली.

वार्षिक सर्वसाधारण सभा मंगल कार्यालयात होती. दाराशी अहवालाचे पुस्तक हातात दिले जात होते, म्हणजे ते वाचून येण्याची सोय नव्हती. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले, ताळेबंद मंजूर, नफा वाटणी मंजूर, ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज पुढच्या दोन रांगांतून वेळेवर येत होते. मी हात वर करून म्हणालो, की दक्षता समितीच्या बैठका किती झाल्या आणि लेखापरीक्षकांनी दाखवलेल्या दोषांवरचा दोष दुरुस्ती अहवाल कुठे आहे, ते सभेला सांगावे. अध्यक्ष अगदी नम्रपणे म्हणाले, ‘आप्पा, तुमचा मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.’ आयत्या वेळी मागच्या बाजूला वरण-बट्टीच्या पंगती बसू लागल्या, ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीताची सूचना झाली आणि सभा संपली. माझ्या शेजारी बसलेला शेतकरी, ज्याला लेखापरीक्षण हा शब्दही नीट उच्चारता येत नव्हता, मला हलकेच म्हणाला, ‘आप्पा, राखोया बदलना, पन किल्ली कोनाकडे शे?’ (राखोया म्हणजे राखणदार.) दोन तासांच्या सभेत हा एकच प्रश्न मुद्द्याचा होता आणि तो इतिवृत्तात आलेला नाही. बट्टी, खरे सांगायचे तर, उत्तम झाली होती.

कायदा इथेही अपुरा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ८३ व्या कलमाखाली चौकशी होऊ शकते, ८८ व्या कलमाखाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः निश्चित करता येते. राजीनामा दिल्याने ती जबाबदारी संपत नाही, हे वृत्तपत्रांनी ठळकपणे सांगितले पाहिजे. कारण बातमीत ‘राजीनामा’ हा शब्द आला, की वाचकाला प्रकरण मिटल्यासारखे वाटते आणि राजीनामा देणाऱ्यालाही तेच हवे असते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड एका बांधकाम समूहाची कर्जे लपवली गेली होती; सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, प्रशासक आले, जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीनही झाली, आणि तरी मोठ्या ठेवीदारांच्या रकमा दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत अडकल्या. तिथे अध्यक्ष बदलून कोणाचे काय भले झाले असते?

म्हणून माझी आपल्याला एक व्यवहारी विनंती आहे. फेरबदलाची बातमी छापताना नव्या अध्यक्षांच्या छायाचित्रासोबत, ते याआधी त्याच मंडळावर किती वर्षे होते आणि वादग्रस्त कर्ज किंवा करार मंजूर झाला त्या बैठकीला हजर होते का, हे दोन ओळींत द्यावे. त्यासाठी शोधपत्रकारिता लागत नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाची बैठकांतली उपस्थिती छापलेली असते, पतसंस्थेच्या अहवालात मंडळाची यादी असते. समिती नेमल्याची बातमी आली, तर सहा महिन्यांनी तारीख लक्षात ठेवून वार्ताहराने एवढेच विचारावे, की बैठका किती झाल्या, अहवाल कोणाला दिला आणि तो सभासदांना पाहायला मिळेल का. उत्तर आले नाही, तर उत्तर आले नाही असे छापावे. ज्या कंपनीने नीट चौकशी करून अहवाल उघड केला, तिची बातमीही पहिल्या बातमीइतक्याच जागेत यावी; आरोप पहिल्या पानावर आणि निर्दोषत्व सातव्या पानाच्या तळाशी, हेही न्यायाला धरून नाही.

पतसंस्था माहिती अधिकारात थेट येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. परंतु निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळवता येते, ती त्याच्याकडे मागता येते, हेही त्याच निकालात आहे. त्यानुसार मी तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात दहा रुपयांचा अर्ज केला. तिसऱ्या फेरीत दोन रुपये पानाप्रमाणे बावीस पानांची प्रत मिळाली. दक्षता समितीची वर्षभरात एकच बैठक झाली असून तिच्या इतिवृत्तात समितीच्या सदस्यांचा बैठक भत्ता मंजूर करण्याचा ठराव आहे. सूचक आणि अनुमोदक दोघेही समितीचेच सदस्य आहेत. दोष दुरुस्ती अहवाल त्या बावीस पानांत नाही. संस्थेचे नाव झाकून त्या ठरावाची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे. आपला वार्ताहर आला, तर मूळ प्रत आणि अर्जाची पोच दाखवीन.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस व ठेवीदार,
अमळनेर, जि. जळगाव